जुना फ्रिज: आधी पाटी वाचा, प्लग नंतर

प्रश्न असा आहे: डोक्यावर गोल डबा असलेला १९३० च्या सुमाराचा एक विजेचा फ्रिज आणि ओकच्या लाकडाची एक बर्फपेटी (विजेशिवाय, बर्फाच्या लादीने अन्न थंड ठेवणारं जुनं कपाट), अशा दोन वस्तू मिळत आहेत. घेताना काय पाहावं, फ्रिज चालवून पाहावा का, गॅस बदलावा का, आणि डागडुजी कुठवर करावी?

थोडक्यात सांगायचं तर, फ्रिजचं गॅसचं मंडल, म्हणजे थंडावा देणारा गॅस ज्यातून फिरतो त्या नळ्या आणि काँप्रेसर, अजून सीलबंद असेल तर ते कधीही उघडू नका, कुणाला उघडू देऊ नका. कपाटाचा रंग पुन्हा देता येतो, कडी नव्याने घडवता येते, वायरिंग बदलता येतं. पण नव्वद वर्षं आतला मूळ गॅस आणि मूळ तेल सांभाळून बसलेलं यंत्र एकदा फोडलं की ते तसं पुन्हा होत नाही. अशा फ्रिजचं मोल त्या न उघडलेल्या नळ्यांमध्ये आहे. पुढचा सगळा सल्ला याच एका गोष्टीभोवती फिरतो.

गोल डब्याचा फ्रिज म्हणजे बहुधा जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’. तो १९२७ मध्ये बाजारात आला. त्याची रचना ख्रिश्चन स्टीनस्ट्रप यांची. मोटर आणि काँप्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद, बाहेर पट्टा नाही, फिरत्या दांड्याचं सील नाही, त्यामुळे गळतीची मुख्य वाटच बंद. अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाच्या गोल बुरुजासारखा तो डबा दिसतो म्हणून हे नाव पडलं. त्याचे दहा लाखांहून अधिक नग बनले, म्हणून आजही बऱ्यापैकी सापडतात. त्याआधीच्या वस्तू जास्त दुर्मीळ: १९१३ चा ‘डोमेलर’, जो बर्फपेटीच्या माथ्यावर बसवायचं विजेचं यंत्र होता, केल्व्हिनेटर आणि फ्रिजिडेअरची पट्ट्यावर चालणारी यंत्रं, आणि आबे ओडिफ्रेन या फ्रेंच धर्मगुरूच्या कल्पनेतून आलेलं, डंबेलसारखं अखंड फिरणारं सीलबंद यंत्र. यातलं काही मिळालं तर ते चालवायचा विचार बाजूला ठेवा, जसं आहे तसं जपा.

आता पाटी. यंत्रावर, कपाटाच्या मागे किंवा दाराच्या चौकटीत धातूची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल, व्होल्टेज, सायकल्स (विजेची वारंवारता, आजच्या भाषेत हर्ट्झ) आणि बहुतेकदा गॅसचं नाव असतं. फोटो काढा, अक्षरं पुसट असतील तर टॉर्च आडवा धरून वाचा. त्या काळात घरगुती यंत्रांत मुख्यतः पुढचे गॅस होते. सल्फर डायऑक्साइड, उणे १० अंशांना उकळणारा. मिथाइल क्लोराइड, उणे २४ ला. अमोनिया, उणे ३३ ला. मिथाइल फॉर्मेट, जे ३२ अंशांना उकळतं आणि काही मॉनिटर टॉपमध्ये सल्फर डायऑक्साइडच्या जागी वापरलं गेलं. टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला फ्रिऑन, म्हणजे आर-१२, हा १९३० नंतर हळूहळू आला.

यांच्यापासूनचा धोका सारखा नाही. सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया नाकाला लगेच झोंबतात, माणूस आपोआप खोलीबाहेर पळतो. तरीही सल्फर डायऑक्साइडची १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आणि अमोनियाची ३०० पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते, आणि बंद खोलीत ती गाठायला फार गॅस लागत नाही. मला जास्त भीती मिथाइल क्लोराइडची वाटते. त्याला जेमतेम गोडसर वास असतो, तो कळेपर्यंत डोकं जड होऊन शुद्ध हरपू शकते. शिवाय ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग झाला तर हवेत आपोआप पेट घेणारं संयुग तयार होतं. म्हणून पाटीवर मिथाइल क्लोराइड लिहिलेलं असेल तर आजचे ॲल्युमिनियमचे गेज आणि जोडण्या त्या यंत्राजवळही आणू नयेत.

घेण्यापूर्वी यंत्र बंद असतानाच अर्धं काम होतं. पितळी किंवा तांब्याच्या सांध्यांवर हिरवट-पांढरी खपली दिसली तर तिथून सल्फर डायऑक्साइड झिरपला असण्याची शक्यता मोठी, कारण ओलाव्याशी मिसळून तो आम्ल बनतो आणि धातू खातो. खात्री करायला कापसाचा बोळा अमोनियाच्या पाण्यात भिजवून सांध्याजवळ फिरवा. गळती असेल तर पांढरा धूर दिसतो. पट्ट्याच्या यंत्रात दांड्याभोवती तेलाचं कडं आहे का पाहा. असेल तर सील गेलेलं आहे आणि गॅस बहुतेक उरलेला नाही. दाराची रबरी पट्टी कडक झालेली असणारच, तिची काळजी करू नका. बर्फाच्या कप्प्यावर मात्र नखाएवढ्या ओरखड्यांसाठी नीट नजर फिरवा. साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडून कितीतरी चांगली यंत्रं भोसकून मारली गेली आहेत.

कपाटाचा पृष्ठभाग पोर्सेलीनचा मुलामा आहे की रंग, हेही ठरवा. पोर्सेलीन काचेसारखं टवका उडून फुटतं आणि खाली काळपट लोखंड दिसतं. रंग खरवडला जातो, पातळ होतो, पिवळा पडतो. पोर्सेलीन असेल तर टवके तसेच राहू द्या. त्यावर स्प्रे रंग मारलेला फ्रिज लांबून देखणा दिसतो, पण संग्राहक त्याकडे पाठ फिरवतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका. खालच्या कडेला गंज आणि ठोकल्यावर बोदा आवाज म्हणजे आतलं उष्णतारोधक ओलं झालंय. बूच किंवा लाकडी तंतूंचा तो थर ओला असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, ते दिवसभर थांबणार नाही.

नेताना मॉनिटर टॉपचं यंत्र वेगळं उचलता येतं. गोल डबा, जाड रोधक झाकण आणि खाली लोंबणारा बर्फाचा कप्पा हे सगळं एकसंध वरून निघतं. ते फार जड आणि वरच्या बाजूला भारी असतं. साखळीचा कप्पी-हुक किंवा निदान चार धडधाकट माणसं हवीत. आडवं कधीच करू नका: काँप्रेसर आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो, आणि तेल जिथे जाऊ नये त्या नळ्यांत शिरतं. जागेवर आणल्यावर किमान २४ तास उभं राहू द्या. आडवं आलं असेल तर आठवडाभर.

पहिल्यांदा सुरू करण्याची पद्धत अशी. मूळ वायर कापडात गुंडाळलेल्या रबराची असते आणि ते रबर आता बोटांनी चुरतं. ती बदला, जुनी वायर आणि प्लग पिशवीत घालून कपाटातच ठेवा. मूळ यंत्राला अर्थिंग नसतं. कपाटाच्या पत्र्याला आणि यंत्राच्या बैठकीला तिसरी वायर जोडा आणि पुरवठा ३० मिलिॲम्पिअरच्या गळती-ब्रेकरमधून घ्या. नंतर मोटरची टोकं कंट्रोल बॉक्सपासून सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन तपासणाऱ्या मीटरने) टोकं आणि बॉडी यांच्यातला रोध मोजा. एक मेगोहमपेक्षा कमी आला तर आधी टोकांवरची धूळ-ओल साफ करून परत मोजा. मोटरची तीन टोकं असतात: कॉमन (सामाईक), रन (चालू ठेवणाऱ्या वाइंडिंगचं) आणि स्टार्ट (सुरू करणाऱ्या वाइंडिंगचं). त्यांच्यातले रोधही मोजा: कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांची बेरीज रन ते स्टार्ट एवढी यायला हवी. येत नसेल तर वाइंडिंगमध्ये दोष आहे आणि बंद डब्यात तो दुरुस्त होत नाही.

अमेरिकन यंत्रं ११५ व्होल्ट, ६० सायकल्सची. जिथे वीज ५० सायकल्सची आहे तिथे नुसता ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की मोटर गरम होऊन जळायची शक्यता असते, कारण कमी वारंवारतेला तेवढ्याच व्होल्टेजवर लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुंबतो. व्होल्ट आणि सायकल्सचं प्रमाण कायम ठेवायचं: ११५ ला ५० ने गुणून ६० ने भागा, उत्तर सुमारे ९६ व्होल्ट. मोटर तेव्हा पाच-षष्ठांश वेगाने चालेल, थंडावा थोडा कमी मिळेल, पण ती टिकेल. मोटर सहसा अश्वशक्तीच्या आठव्या ते सहाव्या भागाची, तरी सुरुवातीचा झटका काही पटींचा असतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर निदान १००० व्हीएचा घ्या.

इथे एक चूक वारंवार होते. जुना रेडिओ जसा व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू व्होल्टेज वाढवत जागा करतात, तसं लोक फ्रिजलाही करतात. रेडिओसाठी ती रीत योग्य आहे, फ्रिजसाठी घातक. कमी व्होल्टेजवर मोटर फिरत नाही, स्टार्टिंग वाइंडिंग मात्र जोडलेलं राहतं आणि काही सेकंदांत भाजतं. पूर्ण व्होल्टेज एकदम द्या, अँपिअर मीटरवर नजर ठेवा. प्रवाह क्षणभर उसळून दोन-तीन सेकंदांत खाली बसला की रिलेने, म्हणजे मोटर फिरू लागताच स्टार्टिंग वाइंडिंग तोडणाऱ्या स्विचने, आपलं काम केलं. पाच सेकंदांत बसला नाही तर बंद करा, दहा मिनिटं थांबा, रिलेचे कॉन्टॅक्ट तपासा. तीनदा असं झालं तर पुढे रेटू नका. हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून, मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवून करायचं. सल्फर डायऑक्साइडच्या यंत्राजवळ कुणी दमेकरी असू नये.

चाललं तर काय दिसावं? डबा आणि त्याभोवतीची कॉइल अर्ध्या तासात कोमट, मग हाताला गरम. बर्फाच्या कप्प्यावर तासाभरात सगळीकडे सारखं दव, मग हिम. जुन्या यंत्रांत हा कप्पा द्रव गॅसने भरलेला असतो आणि तरंगत्या गोळ्याची झडप द्रव आत सोडते, म्हणून अधूनमधून ‘फुस्स’ असा आवाज येणं चांगलं लक्षण. हिम फक्त एका कोपऱ्यात जमत असेल तर गॅस कमी आहे. कॉइल फार तापते आणि थंडावा नाही, तर आत हवा शिरली असावी. हा दुसरा प्रकार समजून घ्या: सल्फर डायऑक्साइड उणे १० ला उकळतो, त्यामुळे कप्पा त्याहून थंड झाला की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. गळती असली तर गॅस बाहेर येण्याऐवजी ओली हवा आत ओढली जाते, आम्ल बनतं, झडप अडकते. मिथाइल फॉर्मेटचं यंत्र तर खोलीच्या तापमानाला बंद असतानाही पोकळीतच असतं. चोवीस तासांत कपाटाच्या मधल्या फळीवर ४ ते ७ अंश मिळाले आणि यंत्र मधूनमधून थांबत असेल, तर त्याला आणखी काही करू नका.

गॅस संपलेलाच असेल तर? बहुतेक वेळा माझं उत्तर ‘भरू नका, मांडून ठेवा’ असंच असतं. कारणं ठोस आहेत. आर-१२ किंवा त्याच्या जागी नंतर आलेला आर-१३४ए भरला तर ४० अंशांना दाब साधारण दहा बार, आणि सल्फर डायऑक्साइडचा तिथे सहाच्या थोडा वर. मोटर त्या ओझ्यासाठी बनलेली नाही. दाबाच्या हिशेबाने सर्वांत जवळचा आयसोब्युटेन: उत्कलन उणे १२ च्या आसपास, ४० अंशांना पाच बारच्या थोडं वर. कागदावर छान जुळतो. पण सल्फर डायऑक्साइडचा द्रव पाण्याच्या जवळपास दीडपट जड आणि आयसोब्युटेनचा निम्म्याहून किंचित जड. जड द्रवावर तरंगणारा गोळा हलक्या द्रवात बुडतो आणि झडपेचा सगळा हिशेब चुकतो. त्यात द्रवाने भरलेल्या कप्प्याला गॅस पुष्कळ लागतो, तर घरगुती फ्रिजमध्ये ज्वलनशील गॅसची सर्वमान्य मर्यादा १५० ग्रॅम राहिली आहे. उघड्या ठिणगीचा रिले असलेल्या कपाटात त्याच्या कितीतरी पट आयसोब्युटेन कोंडणं म्हणजे घरात स्फोटक ठेवणं. काही कसबी लोक झडप बदलून असे फ्रिज चालवतात आणि ते काम उत्तम करतात. पण ते शीतकरणाचं प्रशिक्षण घेतलेले लोक आहेत. आणि उरलेला जुना गॅस काढायचाच असेल तर तो हवेत सोडणं हा पर्याय नाही. विषारी गॅस हाताळणाऱ्या परवानाधारकाकडेच ते काम द्या.

ज्वाळेवर चालणाऱ्या फ्रिजबद्दलही लिहितो, कारण बर्फपेट्यांच्या सोबतीने ते हमखास दिसतात. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचं, एकही हलता भाग नसलेलं यंत्र तयार केलं. इलेक्ट्रोलक्सने ते घेतलं, अमेरिकेत सर्व्हेलने बनवलं. एका ज्योतीने बर्फ जमतो, आवाज शून्य. माझ्या लेखी फ्रिजच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना. पण ते चालवण्यात दोन धोके आहेत. बर्नर काजळला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. जुन्या सर्व्हेल गॅस फ्रिजांमुळे माणसं मेली आहेत आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ते वापरू नका असा इशारा दिलेला आहे. दुसरं, नळ्या गंजू नयेत म्हणून आत क्रोमेट असतं. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर ती फुटीची खूण आहे. क्रोमेट कर्करोगकारक आहे, हात लावू नका. ज्योतीऐवजी विजेच्या हीटरवर चालणारं यंत्र असेल तर ते अगदी समतल ठेवून तपासता येतं. द्रव उतारानेच वाहतो, जरा तिरकं झालं की चक्र थांबतं.

याच कुळातला क्रॉस्लीचा ‘आइसीबॉल’ म्हणजे नळीने जोडलेले दोन लोखंडी गोळे. एक गोळा रॉकेलच्या ज्योतीवर सुमारे दीड तास तापवायचा, दुसरा पाण्यात बुडवायचा. अमोनिया तिकडे जाऊन द्रव होतो. मग थंड गोळा पेटीत ठेवला की दिवसभर थंडावा. वीज नसलेल्या शेतघरांसाठी हे वरदान होतं. मिळाला तर जरूर घ्या, मांडा, पण तापवू नका. इतक्या जुन्या पोलादी भांड्यातला दाब किती वाढेल आणि ते कुठे फाटेल, याचा अंदाज बाहेरून येत नाही.

आता बर्फपेटी. आधी ती खरी आहे का ते पाहा. १९७० च्या सुमाराला शोभेच्या आणि दारूच्या कपाटांसाठी हुबेहूब नकला पुष्कळ बनल्या. अधिक-चिन्हाचे स्क्रू, मागे भुसाबोर्ड, भिंती एका फळीएवढ्याच जाड आणि तळाला पाणी जायचं भोक नाही, अशी पेटी नक्कलच समजा. खऱ्या पेटीच्या भिंतीत लाकडाचा भुसा, बूच, कोळसा किंवा वाळलेलं समुद्री गवत असतं, आत जस्ताचा पत्रा किंवा पोर्सेलीन, आणि बर्फाच्या कप्प्यापासून तळापर्यंत नळी. नावाची पितळी पट्टी नवी लावलेली असू शकते. तिचे स्क्रू सैल करून खाली लाकडाचा फिकट ठसा आहे का पाहा.

या पेट्यांची ताकद कमी लेखू नका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. पन्नास पौंडांची, म्हणजे २२.७ किलोची लादी दिवसभरात वितळली तर सरासरी ८८ वॅट थंडावा मिळाला. म्हणूनच बर्फ कागदात गुंडाळून ‘वाचवणं’ चूक होतं: न वितळणारा बर्फ थंडावाही देत नाही. नळीच्या टोकाला पाणी अडवणारा बाक असतो, त्यामुळे गरम हवा आणि वास वर येत नाहीत. हा बाक हरवलेला असतो किंवा लोक फालतू समजून काढून टाकतात.

जस्ताच्या पत्र्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल वापरू नका, सौम्य साबण पुरे. गळती तपासायला तळात दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरून तासभर ठेवा. सांधा झाळायचा तर तापमान-नियंत्रित सोल्डरिंग आयर्ननेच: जस्त ४१९ अंशांना वितळतं, कथील-शिशाचा डाग २०० च्या आत. ज्योत अजिबात नको, पत्र्यामागे कोरडा भुसा आहे. जुन्या सांध्यांत शिसं असतं, म्हणून या पेटीत उघडं अन्न ठेवू नये.

लाकडाचा जुना थर ओळखायला आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेका. चिकट झाला तर चपडा लाख, स्पिरिटमध्येच विरघळवलेल्या लाखेने तो पुन्हा जोडता येतो, खरवडायची गरज नाही. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळला तर लॅकर. बिजागऱ्या आणि कड्या पितळेसारख्या दिसल्या तरी घासण्याआधी फटीत बघा. पुष्कळ कड्या मुळात निकेलच्या मुलाम्याच्या असतात, आणि पॉलिशच्या हौसेत तो मुलामा जातो. तो पुन्हा चढवता येतो, पण मूळ राहत नाही.

कडीबद्दल शेवटचं, आणि हे पेटी घरी आणण्याच्या दिवशीच करायचं. जुन्या फ्रिजची आणि बर्फपेटीची कडी बाहेरून लागते, आतून उघडत नाही. लपाछपीत आत शिरलेली मुलं गुदमरून गेल्यामुळेच अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला आणि दार आतून उघडता येणं बंधनकारक केलं. तुमच्या दोन्ही वस्तू त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. कडीचा आतला खटका काढून, चिठ्ठी बांधून ठेवा आणि दार चुंबकाच्या पट्टीवर बंद होऊ द्या. बाहेरून काहीही वेगळं दिसत नाही.